मेंदूच्या प्रयोगाला बसताय? आधी हिशेब मांडा

कॉलेजच्या सूचनाफलकावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या एखाद्या गटावर निरोप येतो: निरोगी स्वयंसेवक हवेत, वय 18 ते 40, भावना आणि निर्णय यांवरचा अभ्यास, मेंदूचं सौम्य उत्तेजन, मानधन मिळेल. वाचून तीन प्रश्न लगेच पडतात. डोक्याला काही होणार नाही ना? वेळ किती जाईल? पैसे किती मिळतील? चौथा प्रश्न बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: यात माझे पैसे किती जातील?

एक नियम आधीच सांगून ठेवते. खऱ्या संशोधनात पैसा एकाच दिशेनं जातो, प्रयोगशाळेकडून तुमच्याकडे. नोंदणी, तपासणी, एमआरआय, उत्तेजन, प्रमाणपत्र, यांतल्या कशासाठीही तुमच्याकडे एक रुपया मागितला तर तिथून उठून या. पुढचं सगळं या नियमाच्या आत बसतं.

नेमकं काय करतात?

दोन पद्धती सर्रास वापरल्या जातात. पहिली टीडीसीएस. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्याला पट्ट्यानं बांधतात आणि त्यांतून 1 ते 2 मिलिअँपिअर इतका क्षीण प्रवाह साधारण 20 मिनिटं सोडतात. दुसरी टीएमएस. इथं तारा डोक्याला चिकटवत नाहीत. तारेचं वेटोळं असलेली कॉइल डोक्याजवळ धरतात, तिच्यातून चुंबकीय ठोके सोडतात आणि त्या ठोक्यांमुळे मेंदूच्या त्या भागात क्षणभर सूक्ष्म प्रवाह उमटतो. ही पद्धत 1985 मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्ड इथं अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी दाखवली. दोन्हींत भूल नाही, सुई नाही, चिरफाड नाही.

उत्तेजनाच्या वेळी किंवा लगेच नंतर तुम्हाला संगणकावर एखादा खेळ देतात. पत्त्यांचे चार गठ्ठे, कुठला उचलायचा? पडद्यावरचा फुगा आणखी फुगवायचा की आहे तेवढे पैसे घेऊन थांबायचं? समोरच्यानं 20 पैकी 4 फ्रँक देऊ केले, घ्यायचे की रागानं नाकारायचे? हा शेवटचा खेळ स्वित्झर्लंडमध्ये खराच खेळला गेला. त्या अभ्यासात उजव्या कपाळामागचा भाग टीएमएसनं थोडा वेळ मंदावला. वाटणी अन्यायाची आहे हे लोकांना कळत होतं, तरी ते ती जास्त वेळा स्वीकारू लागले. निष्कर्ष 2006 मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आले. तुमच्या वाट्याला येणारा प्रयोग साधारण याच जातीचा असेल.

कुठे शोधाल, खरं कसं ओळखाल?

भारतात मेंदूच्या उत्तेजनावर भरपूर काम झालेली ठळक जागा म्हणजे बंगळुरूचं निम्हान्स. दिल्लीच्या एम्समध्येही टीएमएस वापरतात. आकलनविज्ञानाचे विभाग अलाहाबाद विद्यापीठात, कानपूरच्या आणि गांधीनगरच्या आयआयटीत आहेत. स्वयंसेवकांसाठीच्या सूचना बहुतेकदा विभागाच्या फलकावर आणि विद्यार्थ्यांच्या ईमेलवर येतात. मुंबई-पुण्यात मानसशास्त्राच्या किंवा मनोविकारशास्त्राच्या विभागातून अशी विचारणा झाली तरी तपासणी हीच करायची.

चार गोष्टी मागा. एक, एथिक्स कमिटीच्या, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीच्या, मंजुरीचा क्रमांक आणि तारीख. दोन, ती कमिटी आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे का. ही नोंदणी ‘नैतिक’ नावाच्या सरकारी पोर्टलवरून होते. तीन, सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक. भारतातल्या चाचण्यांची ही सरकारी नोंदवही 2007 पासून चालू आहे. क्रमांकाची सुरुवात सीटीआरआय या अक्षरांनी होते, पुढे वर्ष, महिना आणि सहा आकडे. सीटीआरआय डॉट एनआयसी डॉट इन या संकेतस्थळावर तो टाका, अभ्यास उघडेल. शोधायला पैसे पडत नाहीत. चार, प्रमुख संशोधकाचं नाव आणि संस्थेचा दूरध्वनी. तो क्रमांक जाहिरातीतला घेऊ नका, संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून काढा आणि फोन करा.

यांपैकी पहिली गोष्ट नसेल तर पुढचं काही विचारूच नका.

तुम्हाला घेतील का?

फोनवर किंवा प्रत्यक्ष भेटीत अर्ध्या तासाची छाननी होते. वय 18 पूर्ण हवं. डावखुऱ्यांना बरेचदा वगळतात. तो तुमचा दोष नाही, मेंदूच्या दोन बाजूंच्या तुलनेत गोंधळ नको म्हणून तसं करतात. पुढचे प्रश्न मात्र तुमच्या सुरक्षेचे आहेत आणि त्यांची उत्तरं जशी आहेत तशीच द्या.

आयुष्यात कधी फिट आली आहे का? लहानपणी तापात आलेलीही सांगा. जवळच्या नात्यात कुणाला अपस्मार आहे का? डोक्याला मोठा मार, बेशुद्धी, मेंदूची शस्त्रक्रिया? डोक्यात धातू, कानात कॉक्लिअर इम्प्लांट, छातीत पेसमेकर? गरोदर आहात किंवा शक्यता आहे? अर्धशिशी? डोक्याच्या कातडीवर जखम, इसब? कुठली औषधं चालू आहेत? नैराश्यावरची काही औषधं फिटचा उंबरठा खाली आणतात, म्हणून गोळीचं नाव सांगायचंच. ‘थोडंसं झोपेचं औषध’ एवढ्यावर भागत नाही. दारू, झोप, चहा-कॉफी यांबद्दलही विचारतील.

नाकारलं तर वाईट वाटून घेऊ नका. छाननीला आल्याबद्दल प्रवासखर्च देतात का, हे मात्र घरून निघण्याआधी विचारून ठेवा. काही ठिकाणी देतात, काही ठिकाणी नाही. नाही म्हणाले तर छाननी फोनवर उरका आणि फेरी वाचवा.

कोणती कागदपत्रं लागतात?

ओळखपत्र, वयाचा पुरावा, चालू औषधांची चिठ्ठी, चष्मा असेल तर चष्मा, मानधन बँकेत येणार असेल तर पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत. एवढं पुरतं.

आधार मागितलं तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. झेरॉक्सवर ‘फक्त अमुक अभ्यासासाठी’ असं लिहून तारीख आणि सही टाका. हिशेब विभागाला पॅन लागू शकतं. लागलं तर ते पावतीच्या कागदावर द्या, प्रश्नावलीच्या कागदावर नको. कारण साधं आहे. तुमच्या उत्तरांवर तुमचं नाव नसतं, तुम्हाला एक सांकेतिक क्रमांक दिलेला असतो. नाव आणि क्रमांक जोडणारी यादी वेगळी, कुलूपबंद हवी. पैशाचे आणि भावनांचे कागद एका फाइलमध्ये गेले की त्या गुप्ततेला अर्थ उरत नाही. ओटीपी, एटीएमचा पिन, यूपीआयचा पिन कुणालाच नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाचा कागद तुम्ही द्यायचा नसतो, घ्यायचा असतो: माहितीपत्रक आणि सही केलेल्या संमतीपत्राची प्रत. ती तुम्हाला समजेल त्या भाषेत हवी. मराठीतून मागा. आयसीएमआर, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, हिच्या 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत समजणाऱ्या भाषेतली माहिती आणि स्वेच्छेची संमती या दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत.

वेळ किती जातो?

जाहिरातीत ‘20 मिनिटांचं उत्तेजन’ असं लिहिलेलं असतं. ते खरं असतं आणि तरी फसवं असतं. स्पंज भिजवणं, टेपनं डोकं मोजणं, पट्टे बांधणं, प्रश्नावल्या भरणं, खेळ समजून घेणं, खेळणं, शेवटची प्रश्नावली, पावतीवर सही. टीडीसीएसच्या एका बैठकीला दीड ते दोन तास धरा. टीएमएसला थोडे जास्त, कारण आधी तुमच्यापुरता जोर ठरवावा लागतो. डोक्याच्या एका बिंदूवर कॉइल टेकवतात, टक्क असा आवाज होतो आणि तुमचा अंगठा तुमच्या इच्छेविना उडतो. किती जोराला उडतो ते बघत बघत आकडा ठरतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो अंगठा दुसऱ्याचाच वाटतो. दुखत नाही, पण दचकायला होतं. ते आधीच माहीत असलेलं बरं.

बैठक एकच नसते. बहुतेक अभ्यासांत तुम्हाला दोन-तीन वेळा बोलावतात. एकदा खरं उत्तेजन, एकदा नाममात्र. नाममात्र बैठकीत प्रवाह काही सेकंद चढवून उतरवतात. मुंग्या येतात आणि मग काहीच चालू नसतं. कुठल्या दिवशी काय होतं ते तुम्हाला त्या वेळी सांगत नाहीत. यात फसवणूक नाही, फक्त ते संमतीपत्रात लिहिलेलं हवं. दोन बैठकांमध्ये दोन दिवसांपासून आठवड्यापर्यंत अंतर ठेवतात. म्हणजे 20 मिनिटांचा प्रयोग तुमचे दोन-तीन आठवडे व्यापतो. परीक्षा, गावची जत्रा, घरचं लग्न, सगळं बघूनच तारखा द्या.

पैसे किती मिळतात?

भारतात एकच ठरलेला दर नाही. रक्कम एथिक्स कमिटी मंजूर करते. वेळ, गैरसोय, बुडालेली मजुरी आणि प्रवास यांची भरपाई व्हावी, पण लालूच वाटेल इतकी रक्कम नसावी, असं तत्त्व आहे. त्यामुळे फार मोठा आकडा दिसला तर आनंदाआधी शंका येऊ द्या.

रक्कम ऐकली की हे सहा प्रश्न विचारा. प्रवासखर्च वेगळा की त्यातच? दर बैठकीला मिळणार की सगळं संपल्यावर? मध्येच सोडलं तर झालेल्या बैठकांचे मिळणार का? खेळात जिंकलेले पैसे खरे की नुसते पडद्यावरचे? रोख, यूपीआय की बँक, आणि किती दिवसांत? रकमेतून काही कापलं जाणार का?

तिसरा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय शिस्तीत मोबदला हप्त्याहप्त्यानं, झालेल्या कामाच्या प्रमाणात देणं अपेक्षित आहे. सगळी रक्कम शेवटच्या दिवसावर अडकवून ठेवायची नसते. ‘पूर्ण केलं तरच पैसे’ असं वाक्य दिसलं तर बोट ठेवून विचारा. तुम्ही केव्हाही, कारण न देता उठू शकता, हा तुमचा हक्क आहे. पैसे शेवटच्या दिवसावर टांगले की तो हक्क कागदावरच राहतो.

खेळातल्या पैशांचंही नीट विचारा. पत्त्यांच्या प्रसिद्ध खेळात सुरुवातीला 2,000 डॉलरचं ‘कर्ज’ देतात. ते पडद्यावरचं असतं, खिशात येत नाही. उलट वाटणीच्या खेळात बरेचदा खरे पैसे देतात. ‘2,000 पर्यंत जिंका’ या वाक्यातला ‘पर्यंत’ नीट वाचा आणि न हरता न जिंकता किमान किती मिळतील ते विचारा. खेळातलं नुकसान तुमच्या खिशातून कधीच जाता कामा नये.

लपलेले खर्च

हिशेब असा मांडा. समजा एक छाननी आणि तीन बैठका, म्हणजे चार फेऱ्या. जाण्यायेण्याला फेरीमागे 150 रुपये, झाले 600. रस्ता धरून प्रत्येक फेरीला साडेतीन तास, झाले 14 तास. तुमच्या कामाचा तास 100 रुपयांचा धरला तर 1,400. एकूण 2,000. मानधन 1,500 आणि प्रवास त्यातच, असं असेल तर तुम्ही 500 रुपयांची पदरमोड करताय. विज्ञानासाठी ती आनंदानं करा, पण समजून करा.

माझ्या हातात आलेल्या एका माहितीपत्रकात पहिल्या पानावर मानधन ठळक अक्षरांत होतं आणि शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत ‘प्रवासखर्च समाविष्ट’. मधल्या पानांवर सगळी शास्त्रीय माहिती. माणसं पहिलं पान वाचतात आणि शेवटच्या पानावर सही करतात. तुम्ही शेवटच्या पानापासून वाचायला सुरुवात करा.

आणखी चार खर्च बघून ठेवा. एमआरआय असेल तर तो अभ्यासाच्या खर्चातून होतो. पण त्यात काही वेगळं दिसलं तर पुढच्या तपासण्यांचा खर्च कोणाचा? हे आधीच विचारा, कारण संशोधनासाठी काढलेला एमआरआय निदानासाठी नसतो आणि पुढे डॉक्टर गाठावा लागतो. गर्भचाचणी लागली तर पट्टी तिकडचीच हवी. उशीर झाला तर परतीची शेवटची गाडी चुकते, मग रिक्षाचे कोण देणार? आणि बैठक त्यांच्या यंत्राच्या बिघाडामुळे रद्द झाली तर तुमची फेरी फुकट गेली. त्या फेरीचे पैसे मागा. न मागता क्वचितच मिळतात.

त्या दिवशी काय करायचं?

आदल्या रात्री पुरेशी झोप. जागरणानं टीएमएसमध्ये फिटचा धोका वाढतो. जागरण झालं असेल तर सांगा आणि तारीख बदलून घ्या.

केसांना तेल नको. खोबरेल, जेल, हेअर स्प्रे काहीच नको. तेलकट केसांवर स्पंजचा संपर्क नीट होत नाही, प्रवाह एका जागी गोळा होतो आणि तिथं चुरचुरतं. सकाळी केस धुऊन, कोरडे करून जा. सोबत टॉवेल आणि कंगवा ठेवा, कारण मिठाच्या पाण्याचा ओघळ कानामागून मानेवर उतरतो आणि वाळल्यावर केस कडक होतात. नंतर कुठे कार्यक्रमाला जायचं असेल तर हे आधी माहीत असू द्या.

उपाशीपोटी जाऊ नका. चतुर्थी, एकादशी, नवरात्र यांचा उपवास असेल त्या दिवसाची तारीख घेऊच नका. टीएमएसमध्ये फिट अत्यंत दुर्मिळ आहे, त्या मानानं घाबरून आणि रिकाम्या पोटी भोवळ येणं जास्त होतं. पोहे, भाकरी, काहीही खाऊन जा.

नथ, कानातले, केसांतल्या पिना, मंगळसूत्र, घड्याळ काढावं लागेल. दागिने घरीच ठेवलेत तर हरवण्याची चिंता नाही. टीएमएसच्या वेळी कानांत बोळे मागून घ्या. कॉइलचा आवाज मोठा असतो आणि बोळे देणं त्यांचं काम आहे. ‘थोडाच वेळ आहे, चालेल’ असं कुणी म्हटलं तरी बोळ्यांशिवाय बसू नका.

संपल्यावर लगेच दुचाकीला किक मारू नका. अर्धा तास बसा, पाणी प्या, गरगरत नाही ना बघा, मग निघा. एका बैठकीचा परिणाम बहुधा तासाभरात ओसरतो, तरी त्या दुपारी घराचा व्यवहार किंवा मोठी खरेदी ठेवू नका.

त्रास काय होऊ शकतो, खर्च कोणाचा?

टीडीसीएसमध्ये खाज, मुंग्या, कातडी लाल होणं, किंचित डोकेदुखी, थकवा. बहुतेक वेळा त्याच दिवशी जातं. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, नेहमीच्या मर्यादांमध्ये केलेल्या 33,000 हून अधिक बैठकांत गंभीर इजेची एकही नोंद सापडली नव्हती. तरी स्पंज वाळला तर कातडी भाजू शकते. चुरचुर वाढत गेली तर सहन करत बसू नका, ‘थांबा’ म्हणा. तेवढा एक शब्द पुरतो.

मनाला होणारा त्रास कमी लेखू नका. भावनांवरचा अभ्यास आहे, म्हणून अपघात, रक्त, रडणारी मुलं अशी चित्रं दाखवतात. एकाला वाचवायला दुसऱ्याचा जीव जाऊ द्याल का, असे प्रश्न विचारतात. घरात नुकताच मृत्यू झाला असेल, तुम्ही स्वतः अपघातातून उठला असाल, तर कशा प्रकारची चित्रं आहेत ते आधी विचारा. नमुना दाखवा म्हणा. काही खेळांत समोरचा ‘खेळाडू’ माणूस नसून संगणक असतो आणि ते नंतर सांगतात. असं झाकून ठेवणं एथिक्स कमिटीच्या मंजुरीनंच करता येतं आणि शेवटी सगळं उलगडून सांगणं बंधनकारक असतं. ते सांगितल्याशिवाय निघू नका. मन जड झालं तर समुपदेशक कोण, त्याचा फोन कुठला, हे माहितीपत्रकात असायला हवं.

इजा झालीच तर संशोधनामुळे झालेल्या इजेवर मोफत उपचार आणि नुकसानभरपाई हा तुमचा हक्क आहे. ‘हा तर विद्यार्थ्याचा प्रबंध आहे, आमच्याकडे विमा नाही’ हे उत्तर चालत नाही. आयसीएमआरच्या तत्त्वांनुसार विद्यार्थ्याच्या किंवा संशोधकाच्या स्वतःच्या पुढाकारानं होणाऱ्या अभ्यासात संशोधक आणि त्याची संस्था हेच प्रायोजक ठरतात. त्रास झाला त्याच दिवशी कळवा, तोंडी आणि ईमेलनंही. डागाचा फोटो काढा, डॉक्टरांची पावती जपा. दाद लागली नाही तर एथिक्स कमिटीच्या सदस्य सचिवांना लिहा. त्यांचं नाव आणि फोन तुमच्या कागदावर असतो. नसेल तर तीच पहिली तक्रार.

हे शॉर्टकट नकोत

एक, छाननीत खोटं बोलणं. ‘फिटचं सांगितलं तर घेणार नाहीत, पाचशे रुपये जातील’ असं मित्र सांगेल. पाचशेसाठी डोकं पणाला लावू नका. दोन, एकाच आठवड्यात दोन प्रयोगशाळांत बसणं. दोन्हीकडे सांगा आणि अंतर ठेवा. तीन, आधीच्या तारखेची सही. सही त्या दिवशीच, स्वतःच्या हातानं, वेळ घालून. चार, कोऱ्या पावतीवर सही. आकडा लिहिलेला नसेल तर पेन खाली ठेवा.

आणि विद्यार्थ्यांसाठी खास: तुमच्याच सरांनी किंवा मॅडमनी सांगितलं म्हणून बसायचं नसतं. शिक्षकाच्या हाताखालच्या विद्यार्थ्यावर दबाव येऊ शकतो, म्हणून मार्गदर्शक तत्त्वं त्याला जास्तीचं संरक्षण देतात. नकार दिला म्हणून गुण, हजेरी, शिफारसपत्र यांना हात लागता कामा नये. सहभागाला गुण दिले जात असतील तर तितकेच गुण मिळवायचा दुसरा मार्गही हवा.

परदेशात शिकणाऱ्यांसाठी

झुरिक, बॉस्टन, लंडन, बर्लिन इथं शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना असे प्रयोग जास्त भेटतात. तिकडे मोबदला बहुधा तासावर असतो आणि नोंदणी विद्यापीठाच्या ऑनलाइन यंत्रणेवरून होते. वेळ घेऊन न गेल्यास पुढच्या अभ्यासांतून नाव वगळू शकतात, म्हणून जमत नसेल तर आदल्या दिवशी रद्द करा.

अमेरिकेत एक लपलेली कपात आहे. करासाठी अनिवासी परदेशी ठरणाऱ्या विद्यार्थ्याच्या मोबदल्यातून काही विद्यापीठं 30 टक्के कर आधीच कापतात. 50 डॉलरचे हातात 35. सही करण्याआधी विचारा. व्हिसावर याचा परिणाम होतो का, हे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी घ्या, सीनियरच्या सांगण्यावर विसंबू नका. जर्मनीत कागद जर्मन भाषेत असेल आणि तुमची भाषा बाजारहाटापुरतीच असेल तर इंग्रजी प्रत मागा. न कळलेल्या कागदावरची संमती ही संमती नव्हे.

पॅकेज विकत घेऊ नका

शेवटचा धोका प्रयोगशाळेबाहेरचा. ‘निर्णयक्षमता वाढवा, भावनांवर ताबा मिळवा, दहा सत्रांचं पॅकेज’ असं सांगणारी दुकानं आहेत. नैराश्यासाठी टीएमएसला अमेरिकेच्या एफडीएनं 2008 मध्ये मान्यता दिली. तो उपचार आहे, तो मनोविकारतज्ज्ञ लिहून देतात आणि त्याचे पैसे पडतात, ते रास्त आहे. पण निरोगी माणसाचे निर्णय सुधारतील अशी हमी कुठलाही अभ्यास देत नाही. 2007 मधल्या एका अभ्यासात फुग्याच्या खेळात टीडीसीएसनंतर लोक जपून खेळले, हे खरं. पण 2015 मधल्या एका आढाव्यात, निरोगी माणसांच्या विचारशक्तीवर टीडीसीएसच्या एकेका बैठकीचा भरवशाचा परिणाम दिसला नाही, असंही नोंदवलं आहे. संशोधक अजून वाद घालत आहेत. तो वाद तुमच्या पैशांनी मिटवू नका.

घरी बॅटरी आणि तारा जोडून स्वतः करण्याचा विचार तर सोडूनच द्या. 2016 मध्ये या क्षेत्रातल्याच संशोधकांनी घरी करणाऱ्यांसाठी खुलं पत्र लिहून धोके सांगितले: प्रवाह स्पंजाखालीच थांबत नाही, एक क्षमता वाढली तर दुसरी घटू शकते, आणि झालेला बदल किती टिकेल ते आधी ठरवता येत नाही.

सहीआधीची यादी

एथिक्स कमिटीचा क्रमांक बघितला. सीटीआरआयवर नाव सापडलं. एकूण फेऱ्या आणि तास मोजले. प्रवासखर्च वेगळा की त्यातच, ते लेखी आहे. मध्येच सोडलं तर किती मिळतील, ते लेखी आहे. इजेचा खर्च कोणाचा, ते लेखी आहे. एमआरआयमध्ये काही दिसलं तर पुढे काय, ते विचारलं. चित्रं कशी असतील ते कळलं. तक्रारीचा फोन लागतो का, ते लावून पाहिलं.

नऊही जागी खूण झाली तरी लगेच सही करू नका. कागद घरी न्या, एक रात्र उशाशी ठेवा, घरातल्या कुणाला तरी वाचून दाखवा. घरी नेऊ देत नसतील तर तो अभ्यास तुमच्यासाठी नाही. नेऊ दिला, वाचला, पटला, तर सकाळी केस धुऊन, पोटभर खाऊन जा. माणूस रागात आणि मोहात निर्णय कसा घेतो हे कळायला तुमच्यासारखी माणसं तिथं बसावीच लागतात. फक्त तिथं बसण्याचा तुमचा निर्णय घाईतला आणि मोहातला नसावा.